सोलापूरच्या उन्हात नागवेल: कुंडीपासून विड्यापर्यंत

माझी पहिली नागवेल सोळा दिवसांत गेली. मे महिना होता, पारा त्रेचाळीसवर. बिचारीला ऊन सोसायचं नाही म्हणून मी सकाळ, दुपार, संध्याकाळ तांब्याने पाणी घालत होतो. कुंडीखाली बशी होती आणि तीही कायम भरलेली. शेजारच्या अक्का गॅलरीतून रोज बघायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, “काय ओ सर, वेल लावलाय का मासे पाळलेत?” वेल उपटली तेव्हा मुळं काळी पडलेली होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता.

नागवेल सोलापूरच्या उन्हात टिकत नाही, असं इथे कुणीही सांगेल. पण आमच्या गल्लीत मेलेल्या वेली मी मोजल्या आहेत. त्यातल्या बहुतेक उन्हाने गेल्या नाहीत, पाण्याच्या लाडाने गेल्या. हा वेल मिरीच्या कुळातला, आग्नेय आशियातल्या दमट जंगलात झाडांच्या सावलीत खोडाला धरून चढणारा. त्याला हवा ओलसर लागते आणि मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. सोलापुरात नेमकं उलटं असतं: हवा कोरडी ठणठणीत, आणि काळी माती एकदा भिजली की चार दिवस चिखल. म्हणून इथे पान लावायचं म्हणजे हवा ओली आणि माती मोकळी ठेवायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मिरजेकडे आरग, बेडग, नरवाड या गावांतले पानमळे कधी जमलं तर बघून या. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा असली झाडं दाटीने लावलेली असतात आणि त्यांच्या अंगावर वेल चढवलेला असतो. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागतो. मळ्यात चप्पल घालून जायचं नाही, ही जुनी रीत अजून पाळली जाते. आपल्याला तीच हवा दोन फूट बाय दोन फुटांत करायची आहे.

रोप कुठून आणायचं

आधी एक भ्रम काढून टाकू. पानपट्टीवरून देठासकट पान आणून पाण्यात ठेवायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. देठाला मुळं फुटतीलही, पण पानाला डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, नसतो, त्यामुळे वेल कधीच होत नाही. महिनोन्महिने एकच पान ग्लासात बघत बसाल.

लागतो तो वेलाचा तुकडा, ज्याला आपण फाटा म्हणतो. तोही कुठलाही चालत नाही. नागवेलीला दोन तऱ्हेच्या फांद्या येतात. खांबाला चिकटून वर जाणारी, जिच्या प्रत्येक पेराला बारीक मुळ्या असतात, ती एक. बाजूला आडवी फुटणारी, पेराला मुळ्या नसलेली, ती दुसरी. दुसरीचा फाटा लावला तर जगतो, पण चढत नाही, बुटकं झुडूप होऊन बसतो. म्हणून मुळ्या असलेल्या चढत्या वेलाचा, वर्षभराचा, चार-पाच पेरांचा तुकडा मागून घ्या.

नर्सरीतून आणत असाल तर पान चुरगळून वास घ्या. मिरीचा वेल आणि मनीप्लांट, दोन्ही लांबून नागवेलीसारखेच दिसतात. मनीप्लांटचं पान तर खाण्यासारखं नाहीच, त्याने तोंड आणि घसा चुरचुरतो. विड्याच्या पानाला तिखट, लवंगेच्या जवळ जाणारा वास येतो.

जात निवडताना फार हौस करू नका. आपल्याकडे महाराष्ट्रात कपुरी पिढ्यान्‌पिढ्या पिकते. तिचं पान पातळ, फिकट हिरवं, तिखटपणा बेताचा. बांगला पान जाड आणि झणझणीत असतं. त्यात लवंगेतलाच युजेनॉल हा तेलाचा घटक जास्त असतो. मिठा पानाला बडीशेपेसारखी गोड झाक असते, पण त्याचे नखरे जास्त. पहिल्या वर्षी कपुरीच लावा. मघई लावण्याची इच्छा असेल तर ती तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

जागा

घराची पश्चिमेची भिंत विसरून जा. सोलापुरात ती भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. पूर्वेची गॅलरी, सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर उजेड पण सावली, ही जागा उत्तम. गच्चीवरच ठेवायची असेल तर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी वर आणि पश्चिमेच्या अंगाला बांधा. वर जाळी बांधून बाजू उघडी ठेवणारे बरेच आहेत. मग एप्रिलमधली झळ बाजूने येते आणि पानांच्या कडा करपतात.

कुंडी एकटी ठेवू नका. तुळस, कर्दळ, पुदिना, अळू, जे असेल ते भोवती ठेवा. झाडं एकमेकांना ओलावा देतात. घरात कूलर असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूची गरम झळ वेलावर येत नाही ना, ते बघा.

माती आणि कुंडी

निव्वळ काळी माती वापरायची नाही. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आवळून मुळं तोडते. मी दोन घमेली लाल किंवा पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट आणि एक घमेलं जाड वाळू घेतो. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. शेणखत कच्चं असलं तर त्याची उष्णता मुळांना लागते. वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, असं समजा.

कुंडी मातीची घ्या, बारा ते चौदा इंची. भोक एकच असेल तर आणखी दोन पाडून घ्या. तळाला खापरीचे तुकडे. आणि बशी नको. फरशी खराब होते म्हणून घरचे ओरडतील, तर कुंडी दोन विटांवर ठेवा आणि खाली पसरट घमेलं सरकवा. पाणी घमेल्यात पडेल, कुंडीचा तळ त्यात बुडणार नाही.

उन्हाळ्यासाठी अक्कांनी शिकवलेली युक्ती माझ्या मते सगळ्यात कामाची आहे. वेलाची कुंडी एका मोठ्या, फुटक्या माठात ठेवायची, मधल्या फटीत वाळू भरायची आणि पाणी त्या वाळूत घालायचं. माठाच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होते, मुळं गार राहतात, भोवतीची हवा ओली राहते आणि कुंडीतली माती मात्र चिखल होत नाही. माठाला तळाशी भोक असायलाच हवं.

लावणी

वेळ मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण या दिवसांत हवेत जो दमटपणा असतो, तो नवीन फाट्याला पुरतो. दुसरी संधी फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये लावू नका. त्याची परीक्षा मी तुमच्या वतीने देऊन बसलो आहे.

फाट्याची खालची दोन-तीन पेरं मातीत जातील असा तो तिरपा लावा, दोन पेरं वर. वर मोठी पानं असतील तर एक ठेवून बाकीची कापा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं. माती हाताने हलकी दाबा आणि एकदाच भरपूर पाणी घाला. वर प्लास्टिकची बाटली तळ कापून, झाकण काढून, कापलेली बाजू खाली करून ठेवा. तीन-चार आठवड्यांत नवं कोवळं पान दिसलं की मुळं धरली. तोवर फाटा ओढून बघण्याचा मोह आवरा.

पाणी

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही. एवढाच नियम. पावसाळ्यात आठवडाभरही पाणी लागणार नाही. मेमध्ये रोज सकाळी लागेल. दुपारी पानं थोडी मान टाकतात, ती बघून घाबरून तांब्या उचलू नका. संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर वेल ठणठणीत आहे.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअरचं वापरावं लागतं आणि ते जड असतं. मातीवर पांढरा थर आणि पानाच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा, असं दिसलं तर क्षारांमुळे वेलाला लोह मिळत नाहीये. वरची इंचभर माती काढून नवी घाला आणि खताच्या दुकानात मिळणारं चिलेटेड लोह पुडीवर दिलेल्या प्रमाणात द्या. आरओ मशीनचं बाहेर टाकलेलं पाणी देऊ नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र मऊ असतं, त्याची बादली भरून ठेवा. पावसाचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

हवा ओली ठेवण्यासाठी मार्च ते मे पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा आणि सूर्य कलल्यावर पानांवर फवारा मारा. भर उन्हात पानांवर पाणी मारू नका.

आधार, खत, रोग

गुळगुळीत पाइपावर वेल चढत नाही, मुळ्यांना धरायला काहीतरी खरखरीत लागतं. पाइपाला नारळाचा काथ्या गुंडाळा आणि तो ओला ठेवा. अंगण असेल तर सरळ शेवग्याला लावा. शेवग्याची सावली पातळ असते, ती वेलाला मानवते, आणि शेंगा मिळतात त्या वेगळ्याच. वेल दर वीतभर उंचीला केळीच्या सोपटाने सैल बांधा. सुतळी आवळली तर खोड कापतं.

खत महिन्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळखत. युरियाने पानं मोठी होतात, पण पातळ, बेचव, आणि खुडल्यावर टिकतही नाहीत.

पावसाळ्यात मातीलगत खोड काळं, मऊ पडलं आणि पानं एकाएकी लोंबली, तर ती मर. मूळकूज करणाऱ्या बुरशीचं काम. तिथे उपचार करत बसण्यापेक्षा वरच्या निरोगी भागाचे फाटे लगेच कापून नव्या मातीत लावा आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत मुळीच टाकू नका. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून आधीच दिलं असेल तर ही वेळ कमी येते. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसा, मग निंबोळी अर्क मारा. त्यानंतर आठ-दहा दिवस पान तोंडात घालू नका, कडू जहर लागतं.

खुडणं आणि ठेवणं

वेल कमरेएवढा झाल्याशिवाय एकही पान तोडू नका. मग खालून सुरुवात करा, पिकलेलं, गडद झालेलं पान देठासकट अंगठ्याच्या नखाने खुडा. शेंड्याकडची सात-आठ पानं कायम राखायची.

फ्रीजच्या थेट थंडीने पान काळं पडतं, म्हणून ते उघडं ठेवायचं नाही. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि रोज उलटून एखादं सडलेलं निघालं तर काढा. एक कुजलं की सगळी थप्पी जाते. बनारसी पान पांढरट, तोंडात विरघळणारं का असतं, तर हिरवी पानं टोपल्यांत बंद करून, अंधारात ऊब देऊन पिकवतात. ते घरी करायला जाऊ नका, आपल्या हातून त्याचा पाला होतो.

पान द्यायचं कसं

आपल्याकडे पूजेला दोन पानं एकावर एक, देठ देवाकडे, वर सुपारी आणि नाणं, हे लहानपणापासून बघितलेलं. मंगळागौरीला त्रयोदशगुणी विडा: पान, सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, कंकोळ, केशर, खोबरं, बदाम, कापूर. सुपारी फुटली की लग्न ठरलं. आणि विडा उचलणं तर थेट दरबारातून भाषेत आलं. अफजलखानाने भर दरबारात विडा उचलला, हे आपण पोवाड्यांतून ऐकत आलो. तो दरबार विजापूरचा, इथून शंभर किलोमीटरवर.

सोलापूरची गंमत अशी की एकाच जिन्यात पानाला तीन नावं आहेत. आम्ही विड्याचं पान म्हणतो, अक्का तेलुगूत तमलपाकू म्हणतात, वरच्या मजल्यावरचे कानडी आजोबा वीळ्यदेले. अक्कांकडे श्रावणात वरलक्ष्मीच्या व्रताला सवाष्णींना तांबूलम देतात आणि मारुतीला पानांची माळ घालतात. आमचा मारुती रुईच्या पानांवर खूश. माझा वेल वाढल्यापासून श्रावणात निम्मी पानं तिकडेच जातात.

हे पान पूर्वेकडे जाईल तसं मोठं होत जातं. आसामात पाहुण्याला तामूल-पान पितळेच्या पायाच्या तबकात, ज्याला बोटा म्हणतात, त्यावर देतात. मेघालयात खासी लोक गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, तो देवाच्या दारात पानसुपारी खातोय. श्रीलंकेत पानांची जुडी दोन्ही हातांनी वडीलधाऱ्यांना देऊन पाया पडतात. मलय भाषेत सुपारीला पिनांग म्हणतात आणि मुलीला मागणी घालणं याला ‘मेमिनांग’. म्हणजे आपल्या सुपारी फोडण्याचं सख्खं भावंडच. पिनांग बेटाचं नावही सुपारीवरूनच. इंडोनेशियात पुस्तकाच्या प्रस्तावनेला ‘सकापूर सिरीह’ म्हणतात, सिरीह म्हणजे नागवेलीचं पान. पाहुण्यापुढे आधी तबक सरकवायचं, मग बोलायचं, तसंच पुस्तकाचंही. व्हिएतनाममध्ये लग्नात पान आणि सुपारी लागतेच. तिथली लोककथा सांगते की दोन भाऊ आणि थोरल्याची बायको मेल्यावर एक चुनखडीचा दगड झाला, एक सुपारीचं झाड आणि ती त्याला बिलगलेली वेल. तिन्ही एकत्र चावले की रंग लाल होतो, ते त्यांचं नातं.

आता एक सावधगिरी. व्हिएतनाममधलं पानात गुंडाळून भाजलेलं मांस किंवा थायलंडचं ‘मियांग खाम’ इंटरनेटवर बघून कुणी म्हणेल, हे विड्याचं पान. ते नव्हे. तो नागवेलीच्याच गणातला दुसरा, सौम्य वेल. आपलं पान त्या पदार्थात घातलंत तर जेवणारा उठून जाईल.

सुपारीबद्दल

माझ्या आजीच्या कमरेला चंची होती, तीत अडकित्ता, चुन्याची डबी, सुपारीची खांडं. तिच्यावरचं प्रेम तसंच आहे, पण घरच्या विड्यात मी सुपारी घालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीला आणि तंबाखू नसलेल्या विड्यालाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड हळूहळू उघडेनासं होतं, त्या आजाराच्या मुळाशी सुपारीच असते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी “साधी सुपारी आहे हो” म्हणून मुलांच्या हातात पुडी दिसतेच. पूजेत सुपारी ठेवा, गणपती म्हणून मांडा. तोंडात नको.

घरचा कुटलेला तांबूल

माहूरच्या रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. दात नसलेल्या म्हातारीपासून सगळ्यांना चालतो. घरी करताना पंचवीस पानं धुऊन, कोरडी पुसून, देठ, टोक आणि मधली जाड शीर काढा. तव्यावर दोन चमचे बडीशेप आणि चार चमचे सुकं खोबरं नुसतं कोमट करा. पाच वेलदोडे, तीन लवंगा, अर्धा चमचा ज्येष्ठमध पूड. हे खलबत्त्यात आधी कुटा, मग पानं हाताने फाडून घाला, शेवटी चार चमचे गुलकंद. मिक्सरला लावलंत तर चटणी होते आणि पान गरम होऊन काळं पडतं. कात हवा तर चिमूटभर.

चुना घालायचा तर पंचवीस पानांत हरभऱ्याच्या डाळीएवढा, तोही पानपट्टीचा खायचा चुना. जास्त झाला की जीभ पोळते. आणि चुन्याची डबी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नका. दाबलेली पुडी फुटून डोळ्यात उडाली तर डोळा जाऊ शकतो. तसं झालंच तर डोळा ताबडतोब, भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

पानं जून निघाली तर अक्कांसारखी भजी करा. बेसनात ओवा, तिखट, पानं आख्खी बुडवून तळायची.

उतरण

वर्षभराने वेल खालून उघडा पडतो, पानं फक्त वरच राहतात आणि लहान होत जातात. वेल म्हातारा झाला म्हणून लोक टाकून देतात. पानमळ्यात मात्र वर्षातून एकदा वेल उतरवतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर सोपटं सोडा, वेल हळूच खाली घ्या, खालचा उघडा भाग कुंडीतच गोल गुंडाळून मातीवर बसवा आणि दोन इंच नवं मिश्रण वर घाला. शेंडा पुन्हा आधाराला बांधा. पुरलेल्या प्रत्येक पेरातून मुळं निघतात आणि श्रावणापर्यंत पानं पुन्हा तळहाताएवढी होतात.

उतरवताना एखादा तुकडा मोडतोच. तो फाटा म्हणून कामाला येतो. गेल्या जूनमधले दोन माझ्या भाच्याने नेले. परवा त्याच्याकडे गेलो तर दोन्ही कुंड्यांखाली बशा, काठोकाठ भरलेल्या. बशा मी घेऊन आलो.